समोरच्याचे तीन मुद्दे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूर स्टेशनच्या बाहेर ऑटोवाल्यांचा एकच प्रश्न असतो, "दीक्षाभूमी का रेशीमबाग?" पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी, हातात निळे झेंडे, असे जथेच्या जथे मराठवाड्यातून, खानदेशातून, पार तेलंगणातून उतरत असतात. त्याच गर्दीतून वाट काढत गणवेशाची पिशवी सांभाळणारे स्वयंसेवकही बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा सोहळा. संघाची स्थापना 1925 च्या विजयादशमीला इथेच, महाल नावाच्या जुन्या वस्तीत झाली. 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह इथेच बौद्ध धम्म स्वीकारला. दोन जागांमधलं अंतर फार तर चार-पाच किलोमीटर. या देशातला एक अत्यंत खोल मतभेद दरवर्षी एकाच दिवशी एकाच शहरात जमतो. रस्त्यारस्त्यावर भोजनदानाचे मंडप लागतात, चौकाचौकात पाण्याचे ड्रम ठेवले जातात, आणि दिवस सरला की माणसं आपापल्या गाडीत बसून घरी जातात. माझ्या शहराचा मला या एका गोष्टीसाठी फार अभिमान आहे.

म्हणूनच याच शहराच्या घराघरांत जे होऊन बसलं आहे, ते बघून जीव तुटतो.

आमच्या घराजवळ तर्री-पोह्याचा ठेला आहे. सकाळी सातपासून तिथे गर्दी. पूर्वी तिथे पेपरचं एक पान चार जणांत फिरायचं आणि प्लेट संपली तरी वाद संपायचा नाही. गेल्या निवडणुकीनंतर ठेल्यावर पाटी लागली, "येथे राजकीय चर्चा करू नये." मी ठेलेवाल्या भाऊंना विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काय सांगू ताई, दोघंही माहे रोजचे गिऱ्हाईक. वीस वर्षांपासून संग येऊन राह्यले होते. एक दिवस बोलता बोलता मायवर गेले. आता एक जण त्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर जाते, अन् दुसरा येते पन बोलत नाही. मंग काय करू, पाटी लावली." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पोट आहे त्यांचं त्यावर. पण आता त्या ठेल्यावर माणसं मोबाईलमध्ये मान घालून पोहे खातात, आणि त्या मोबाईलमध्ये जे चाललेलं असतं ते पाटीच्या कक्षेत येत नाही.

अशाच पाट्या घरात लागल्या आहेत. आमच्या सासरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मोठ्या जाऊबाईंनी एका रात्री फर्मान काढलं, उद्यापासून इथे फक्त वाढदिवस, बारशी आणि आजारपणं. दोन भाचे तेव्हापासून एकमेकांच्या घरी गेलेले नाहीत. दिवाळीत एकत्र जेवायला बसलो तेव्हा पाऊस, सोयाबीनचा भाव आणि मेट्रो यांवर बोलणं झालं. सोयाबीनच्या भावावरून सरकारचा विषय निघाला तेवढ्यात कुणीतरी घाईने श्रीखंडाचं पातेलं पुढे सरकवलं.

राजकारणातली भाषा घसरली याची काळजी सगळेच करतात. भक्त, चमचे, गद्दार, अर्बन नक्षल, खोकेवाले, विकाऊ, हे शब्द लहान पोरांच्याही तोंडी आहेत, आणि ते ऐकून मलाही वाईट वाटतं. पण त्याहून मोठी काळजी मला या गप्प बसण्याची वाटते. शिव्या देणारे थोडेच असतात. ज्यांना विचार करून बोलता येतं, ऐकता येतं, मधला मार्ग दिसतो, अशी कितीतरी माणसं नाती टिकवायची म्हणून उठून गेली आहेत. मैदान ओरडणाऱ्यांना मोकळं सोडलं ते त्यांनीच, आणि चांगल्या हेतूने.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि वादविवाद स्पर्धेसाठी मुलं तयार करते. माझा एक नियम आहे. चिठ्ठीत कोणतीही बाजू येवो, आधी विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे लिहायचे. त्या बाजूचा माणूस वाचून म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं आहे." तोवर स्वतःच्या बाजूचं एक वाक्यही लिहायचं नाही. यात माझं काहीच नाही. आपल्याकडे शास्त्रग्रंथ असेच लिहीत आले. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, मग त्याचं खंडन, आणि मग आपला सिद्धान्त. पूर्वपक्ष लुळा मांडला तर पंडितांच्या सभेत तो मांडणाऱ्याचाच कमीपणा मानला जाई.

पूर्वी मुलांना हे पटकन जमायचं, कारण घरात काका एका पक्षाचे आणि मामा दुसऱ्या पक्षाचे असायचे. विरुद्ध बाजूचे मुद्दे जेवणाच्या ताटावरच कानावर पडलेले असायचे. आता कागद कोरा राहतो. किंवा त्यावर लिहिलेलं असतं, "त्यांना पैसे मिळतात म्हणून ते असं बोलतात." हा मुद्दा नाही असं मी सांगते, तेव्हा मुलं खरोखरच गोंधळतात. त्यांनी विरुद्ध बाजूचा माणूस बोलताना कधी ऐकलेलाच नसतो. त्यांनी त्याची वीस सेकंदांची क्लिप पाहिलेली असते, तीही त्याच्या विरोधकाने कापलेली, त्यातलं सगळ्यात मूर्खपणाचं वाक्य निवडून. मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. कोणाशी वाद घालायचा आहे तेच त्यांना कोणी दाखवलेलं नाही.

आधी सगळं सभ्य होतं आणि आता बिघडलं, असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. नागपुरात राहून तसं म्हणताच येत नाही. डिसेंबर 1920 मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते इथेच. विरोधात बोलायला जिना उभे राहिले आणि त्यांनी गांधीजींचा उल्लेख "मिस्टर गांधी" असा केला. मंडपातून ओरडा सुरू झाला, महात्मा म्हणा! हा मार्ग चुकीचा आहे, असं सांगू पाहणाऱ्या माणसाचं म्हणणं त्या गदारोळात बुडालं. त्यानंतर ते काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. त्या एका आरड्याओरड्याने पुढचा इतिहास घडला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण हजारो सज्जन, देशासाठी सर्वस्व द्यायला निघालेली माणसं एका संबोधनावरून एखाद्याचा युक्तिवाद ऐकायचं नाकारू शकतात, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. आणि 1964 मध्ये विधानसभेत जांबुवंतराव धोटे यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, त्यांचं सदस्यत्व गेलं, हेही सांगते. धोट्यांवर या भागाने जीव ओवाळून टाकला, 1971 मध्ये नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवलं. रागाचं राजकारण आपल्याला नवीन नाही.

मग हरवलं काय? मला ते बाबासाहेबांच्या एका भाषणात सापडतं. 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण. राजकारणातल्या भक्तीविषयी त्यांनी त्यात दिलेला इशारा सगळे सांगतात, ज्याला जो सोयीचा पडेल त्याच्यावर तो फेकतात. त्याच भाषणातले आभार फार थोडे वाचतात. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या, त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. एवढ्यांना उत्तरं देऊन थकलेला, आजारी माणूस शेवटी कुणाचे आभार मानतो? ज्यांनी सगळ्यात जास्त छळलं त्यांचे. सगळ्यांनीच पक्षशिस्तीपुढे मान तुकवली असती तर हे कामकाज फार कंटाळवाणं झालं असतं, सुदैवाने काही बंडखोर होते, असं म्हणून ते नावं घेतात. कामथ, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, शिवाय के. टी. शाह आणि हृदयनाथ कुंझरू. यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असं ते म्हणतात. आणि पुढे जे म्हणतात ते मी फळ्यावर लिहून ठेवते. हे लोक नसते तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मला मिळाली नसती, आणि ती संधी संविधान नुसतं संमत करून घेण्याहून अधिक मोलाची होती.

त्या यादीतले कामथ आणि पंजाबराव दोघंही तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले. ज्या प्रांताची राजधानी नागपूर, तिथले. कामथांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी असा आग्रह धरला, मतदान मागितलं आणि 41 विरुद्ध 68 मतांनी हरले. हरले आणि पुढच्या चर्चेत बोलायला पुन्हा उभे राहिले. कामथांना कुणी सभागृहाबाहेर धर्मवेडा ठरवलं नाही, आणि विरोधात मत देणाऱ्या 68 जणांना धर्मद्रोही ठरवलं नाही. मतं मोजली गेली आणि काम पुढे सरकलं.

सात वर्षांनी याच शहरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब पुन्हा तेच करताना दिसतात. संघ नागपुरात आहे म्हणून त्यांना डिवचायला ही जागा निवडली, अशी चर्चा होती. एवढ्या मोठ्या विजयाच्या दिवशी त्या चर्चेकडे दुर्लक्ष करता आलं असतं. त्यांनी ती स्वतःच मांडली, तसं नाही असं स्पष्ट सांगितलं, असल्या गोष्टींना माझ्याकडे वेळही नाही म्हणाले, आणि मग नागलोकांचा आणि नाग नदीचा इतिहास सांगून नागपूरच का, याची कारणं दिली. विरोधकांच्या मनातला संशयसुद्धा उत्तर देण्याच्या लायकीचा त्यांनी मानला. मी सभ्यता म्हणते ती ही. तिच्यात गोड बोलणं आलंच पाहिजे असं नाही, बाबासाहेब कधी गोड बोलले नाहीत. समोरचा उत्तराला पात्र आहे, एवढं धरून चाललं की पुरे.

आता याच्या शेजारी 7 जून 2018 ठेवून बघा. माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी रेशीमबागेत संघाच्या कार्यक्रमाला आले. राजकारणातला बहुतेक काळ काँग्रेसमध्ये काढलेला माणूस. त्यांनी एक शब्द उच्चारण्याआधीच देशभर दोन बाजू पडल्या होत्या. त्यांच्या मुलीने जाहीरपणे लिहिलं की भाषण विसरलं जाईल, चित्रं तेवढी उरतील आणि खोट्या वाक्यांसकट फिरवली जातील. भाषणात ते राष्ट्र, राष्ट्रवाद आणि देशभक्तीबद्दल बोलले, वेगवेगळ्या मतांना नाकारता येणार नाही, संवादाला पर्याय नाही, असं बोलले. सहमत व्हायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्यात चर्चा करण्यासारखं पुष्कळ होतं. रात्री मोबाईलवर आली ती त्यांच्या डोक्यावर काळी टोपी चढवलेली खोटी छायाचित्रं. मुलीची भीती काही तासांत खरी ठरली. माझ्या ओळखीतल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना ते छायाचित्र आठवतं. भाषणातला एकही मुद्दा कुणाला सांगता आला नाही, ना जे त्यांच्या येण्याने आनंदले त्यांना, ना जे दुखावले त्यांना.

सभ्य भाषेचा आग्रह धरताना मला एका गोष्टीची भीतीही वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. "नीट बोला" हे बहुतेक वेळा वरच्याने खालच्याला सांगितलेलं असतं. 23 नोव्हेंबर 1994 ला हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला. आम्हाला अनुसूचित जमातीत धरा, एवढं त्यांचं म्हणणं. गुरं राखणारी माणसं, बायका-पोरांसह गावोगावून आलेली. ती दिवसभर रस्त्यावर बसून होती, सरकारतर्फे कुणीतरी येईल आणि निवेदन घेईल म्हणून. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जीव गेले, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. त्यांनी कुणाला शिवी दिली नव्हती. त्यांच्याइतकं नीट कोण बोललं होतं? सीताबर्डीतल्या त्यांच्या स्मारकापाशी दरवर्षी माणसं जमतात. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ऐकणारा जागेवर नसेल तर बोलणाऱ्याच्या भाषेची तपासणी करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आणि ऐकण्याची जागा तर आकसतच चालली आहे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून किमान एक अधिवेशन इथे व्हायचं, सरकारने काही काळ इथे मुक्काम करायचा. विदर्भाचं म्हणणं इथल्या मातीत बसून ऐकावं, हा त्यामागचा विचार. 2024 चं अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं. दिल्लीतही तेच. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी 135 दिवस बसली होती, सतरावी 55 दिवस. जिथे उत्तर द्यावंच लागतं अशी जागा बंद असेल तर नेता कॅमेऱ्यासमोर बोलणार, आणि कॅमेऱ्यासमोर प्रतिपक्ष नसतोच. मग भाषा घसरली म्हणून नुसतं हळहळून काय होणार? मला वाटतं, अधिवेशन तीन आठवडे चालावं ही मागणी शिवराळपणावर बंदी घालण्याच्या मागणीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, आणि ती आपण मतदारांनी करायला हवी.

बोलणं तुटलं की काय होतं, ते मार्च 2025 मध्ये आम्ही पाहिलं. औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला होता. 17 तारखेला महालात आंदोलन झालं, पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा मोबाईलवरून पसरली आणि रात्री दगड, जाळपोळ. शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. त्यात एका माणसाचा जीव गेला. माझ्या वर्गात महालातली मुलं आहेत, हंसापुरीतली आहेत, मोमिनपुऱ्यातलीही आहेत. वर्ग पुन्हा भरला तेव्हा ती एकमेकांकडे बघत नव्हती. मी त्यांना भाषण दिलं नाही. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं किंवा फोनवर आलेलं. नावं लिहायची नाहीत. अर्ध्या तासाने कागद गोळा केले आणि मिसळून पुन्हा वाटले, म्हणजे प्रत्येकाच्या हातात कुणा दुसऱ्याचा कागद आला. उजवे रकाने गच्च भरलेले होते. डावीकडे बहुतेकांच्या एक-दोनच ओळी, आणि त्या कोणत्या वस्तीतल्या आहेत हे ओळखू येत नव्हतं. "खिडकीतून पोलिसांची गाडी दिसली." "बाबांनी दुचाकी घरात घेतली." "आजीचं औषध संपलं होतं." त्या तासाला कुणी फारसं बोललं नाही. पुढच्या तासाला मात्र मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "मॅडम, उजव्या रकान्यातलं खरं का खोटं ते कसं शोधायचं?" त्यानंतरचे तीन-चार तास अभ्यासक्रम बाजूला ठेवून आम्ही तेच केलं.

टीका करू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्या शहरात मारबत निघते, तिथे तसं कोण म्हणेल? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बायांचे मोठाले पुतळे, इतवारीतून निघतात, आणि सोबत बडगे, म्हणजे गड्यांचे पुतळे. भ्रष्टाचाराचा बडगा, महागाईचा बडगा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा बडगा, गळ्यात झणझणीत ओळी अडकवलेला. "घेऊन जा गे मारबत!" म्हणत सगळं गाव त्याच्यामागे ओरडतं. राज्यकर्त्यांना इतकं उघड, इतकं बोचरं दुसरीकडे क्वचितच कुणी बोलत असेल. पण तो राग भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, ओळखीच्या चेहऱ्यांनी काढलेला असतो, राज्यकर्त्यावर काढलेला असतो, शेजाऱ्यावर नाही, आणि बडगा जळाला की तो तिथे संपतो. दुसऱ्या दिवशी ज्याचा बडगा निघाला त्याचे कार्यकर्ते आणि बडगा काढणारं मंडळ एकाच ठेल्यावर चहा पितात. आज आपण नेत्याचा बडगा शेजाऱ्याच्या गळ्यात अडकवतो आहोत आणि तो जाळायची वेळ काही येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला स्पर्धेत विषय आला, स्वतंत्र विदर्भ. चिठ्ठीत बाजू आली ती विरोधाची. तिचे बाबा जुने विदर्भवादी, तरुणपणी रास्ता रोकोत मार खाल्लेले. नियमाप्रमाणे आधी विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे लिहायचे होते, म्हणून ती घरी जाऊन बाबांसमोर वही घेऊन बसली. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. 1956 मध्ये नागपूरची राजधानी गेली. सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष दांडेकर समितीने 1984 मध्येच दाखवून दिला होता. तिने हे तिन्ही मुद्दे सभागृहात इतके नीट मांडले की तिसऱ्या रांगेत बसलेले बाबा मान डोलावत होते. मग तिने एकेक करून ते खोडायला घेतले. 2000 मध्ये झालेल्या छोट्या राज्यांची उदाहरणं दिली, महसुलाचं गणित मांडलं, एका भाषेच्या राज्यासाठी प्राण दिलेल्यांची आठवण दिली.

त्या रात्री जेवताना बाबा काही बोलले नाहीत, असं तिने मला नंतर सांगितलं. सकाळी त्यांनी कपाटातून कात्रणांची फाईल काढली आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. म्हणाले, "बोलली छान. पन तिसरा मुद्दा तू कच्चा खोडला. अनुशेषाचे आकडे सारे जुने घेतले. केळकर समितीचा 2013 चा अहवाल पाह्यलाच नाही तू." ती म्हणाली, "बाबा, तोही तुमच्याच बाजूने आहे असं कोणी सांगितलं?" "मंग वाच अन् सांग."

सोमवारी ती फाईल घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही अहवाल पूर्ण कुठे मिळतील, हे तिला विचारायचं होतं, आणि दर बुधवारी रात्री जेवणानंतर एक-एक प्रकरण घ्यायचं, असं तिचं आणि बाबांचं ठरलं होतं.